बुजऱ्या घोड्याचा विश्वास कसा मिळवायचा: बाजारातून घरी आणलेल्या घोड्यासाठी टप्प्याटप्प्याची शिकवण

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेला घोडा पहिले दोन दिवस अगदी गरीब वाटतो. चौथ्या दिवशी ताडपत्री फडफडली की तोच घोडा दावं तोडून चौखूर उधळतो. घोडा बिघडलेला नसतो. बाजारात तो गर्दीने आणि प्रवासाने गळालेला होता, आता अंगात त्राण आलं, एवढंच. पण मालक घाबरतो आणि 'सवय लागू दे' म्हणून त्याला थेट रस्त्यावर किंवा वाजंत्रीसमोर नेऊन उभा करतो. इथून पुढे सगळं उलटं होत जातं.

घोड्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसतात. भीती वाटली तेव्हा जवळ कोण होतं, ही एक. आणि दाब सुटला त्या क्षणी आपण काय करत होतो, ही दुसरी. खालचे सगळे टप्पे याच दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका. हा लेख तीन वर्षांपुढच्या, मोरखीची (तोंडावरून-डोक्यावरून बांधायच्या, लगाम नसलेल्या पट्ट्याची) सवय असलेल्या घोड्यासाठी आहे. माणसाचा हातच न लागलेलं शिंगरू यात धरलेलं नाही.

## तयारी १: आधी दुखणं शोधा

बुजण्यामागे दुखणं असेल तर कितीही शिकवा, फरक पडत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि त्यांच्याकडून पाच गोष्टी तपासून घ्या: दात, डोळे, पाठ, खूर आणि पोट.

दाढांना टोकं आली असतील तर गालाला आतून जखमा होतात. असा घोडा लगाम दिसला की मान उडवतो. डोळ्यांचा अंदाज तुम्हालाही घेता येतो: घोडा कायम एकाच बाजूने दचकत असेल, तर त्या बाजूच्या डोळ्याकडे डॉक्टरांचं लक्ष वेधा. पाठ तपासताना कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं हलक्या दाबाने मागे मागे न्या. कातडी नुसती थरथरली तर ठीक. पाठ खाली दबली, कान मागे गेले किंवा शेपटीचा फटका आला, तर खोगीर बाजूला ठेवा. पोटाचं दुखणं सहज लक्षात येत नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं. वैरणीविना तासन्‌तास गेले की आतड्याआधीच, जठरातच व्रण होतात. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना चावायला येणाऱ्या घोड्याच्या बाबतीत ही शंका आधी घ्या.

बाजारातून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाली आहे का, हेही डॉक्टरांना विचारा आणि निदान तीन आठवडे त्याला इतर घोड्यांना शिवू देऊ नका. ते दुरून दिसले तर चालतील, किंबहुना दिसलेलेच बरे. धनुर्वाताची लस घोड्याला द्याच, आणि स्वतःचीही राहिली असेल तर घ्या.

निवांत असताना घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोट फिरवलं की सापडते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. हा हिशेब पुढेही लागणार आहे, कारण पुतळ्यासारखा उभा असलेला घोडा शांत आहे की आतून धडधडतोय, हे नाडी सांगते.

सावध: शांत करायचं इंजेक्शन परस्पर देऊ नका. अशी काही औषधं वळूघोड्यांना कायमची इजा करू शकतात. शिवाय औषधाच्या अंमलाखाली शिकलेलं पुढे टिकेल याचा भरवसा नसतो.

## तयारी २: चंदी, ठाण आणि सोबत

निम्मे घोडे या टप्प्यावरच बरेच निवळतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण ज्यांच्या बुजण्याचं मूळ चंदीत (दाण्याच्या खुराकात) आणि ठाणावर (बांधायच्या जागेवर) आहे, त्यांना पुढच्या टप्प्यांत निम्मीच मेहनत लागते.

४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडी वैरण लागते. ती दोन वेळा ढीग टाकून संपवू नका. चार-पाच वेळा विभागून द्या, रात्रीचा वाटा मोठा ठेवा. चंदीची गोष्ट वेगळी. दिवसातून वीस मिनिटं काम करणाऱ्या घोड्याला तीन किलो हरभरा घातला तर तो भिंतीवर चढणारच. चंदी कमी करा, पण एका दिवसात नाही. सात ते दहा दिवसांत थोडी थोडी उतरवा, नाहीतर पोट बिघडेल. मीठ आणि दिवसभर स्वच्छ पाणी ठेवा. २५ ते ४० लिटर सहज लागतं.

आता ठाण. अगाडी-पिछाडी (पुढचे आणि मागचे दोर) लावून चोवीस तास बांधलेला घोडा कायम पळण्याच्या तयारीत असतो, कारण पळता येत नाही हे त्याला माहीत असतं. दिवसातले काही तास तरी तो कुंपणाच्या आत मोकळा फिरला पाहिजे. कुंपण लाकडी किंवा पाइपचं असावं, काटेरी तारेचं कधीही नको. नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा हवा. तो नसेल तर गाढव किंवा शेळीही चालते. एकट्या घोड्याला राखण करणारं कोणी नसतं, म्हणून तो निवांत झोपत नाही.

झोपेवरून बरंच कळतं. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. सकाळी कुशीवर, पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या भागावर) भुसा किंवा लीद चिकटलेली दिसते का, ते रोज पाहा. नवा घोडा कित्येक रात्री आडवा होत नाही. तोवर त्याला काहीही नवं शिकवायला घेऊ नका.

पुढे जाण्यापूर्वी: घोडा आडवा होऊन झोपतो, वैरण संपवतो, लीद घट्ट आहे. तिन्ही जमलं तरच पुढे.

## तयारी ३: सामान आणि जागा

- सुती किंवा रुंद पट्टीची मोरखी. बारीक नायलॉनची नको, कापते.
- साडेतीन ते चार मीटरचा अंगठ्याएवढा जाड सुती दोर, आणि सात-आठ मीटरचा एक लांब दोर.
- हातमोजे, बंद कडक बूट, हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. हेल्मेट जमिनीवरच्या कामातही घालायचं.
- सव्वा मीटरची हलकी काठी. मारण्यासाठी नाही, लांबून अंगाला लावण्यासाठी.
- खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश) आणि एक मऊ ब्रश.
- कमरेला लावायची पिशवी, त्यात गाजराचे उभे कापलेले लांब तुकडे. गोल चकत्या घशात अडकतात.

बारा ते पंधरा मीटर लांब-रुंद कुंपण घातलेली, न घसरणारी जागा पुरते. पहिले दोन टप्पे तर ठाणावरच होतात.

दोर हाताला कधीही गुंडाळू नका. तळहातावर मागे-पुढे घड्या घालून धरा, म्हणजे घोडा उसळला तर घड्या सुटत जातील. गुंडाळलेल्या दोराने बोटं तुटतात, हे घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही.

## टप्पा १: घोडा वाचायला शिका

या टप्प्याचे पहिले दोन दिवस घोड्याला हात लावू नका. वैरण-पाणी करा आणि बाकी वेळ तीन-चार मीटरवर बसून नुसतं पाहा.

निवांत घोड्याची मान पाठीच्या रेषेत किंवा खाली असते, खालचा ओठ सैल, एक मागचा पाय अर्धा टेकवलेला, पापण्या हलत असतात. काळजीत पडलेला घोडा मान वर घेतो, दोन्ही कान एका दिशेला रोखतो, चघळणं थांबवतो. तोंडातला घास थांबला हा सगळ्यात विश्वासाचा इशारा. बाकी काही दिसायच्या आत तो दिसतो. त्यापुढे नाकपुड्या ताणतात, हनुवटी आवळून गोळा होते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, शेपूट दाबून धरली जाते, तो जोरात फुरफुरतो. इथवर आला की शिकवणी संपली. यानंतर तो पळेल, लाथ मारेल किंवा गोठेल.

गोठलेल्या घोड्यानेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. तो हलत नाही, काही बोलत नाही, आणि मालक म्हणतो, 'बघा, सवय झाली.' त्याचे डोळे दगडासारखे एकाच जागी असतात, पापणी लवत नाही, नाडी मोजली तर साठच्या वर सापडते. काही मिनिटांनी हा घोडा एकदम फुटतो, आणि तेव्हा पुढे कोण आहे हे तो पाहत नाही.

ओठ चाटणं, तोंड हलवणं याला पुष्कळजण 'शिकला' समजतात. त्याचा अर्थ एवढाच की ताण उतरतोय. म्हणजे आधी ताण होता. रोज दर दोन मिनिटांनी घोडा ओठ चाटत असेल तर तुम्ही त्याला रोज दर दोन मिनिटांनी घाबरवत आहात.

तपासा: घास थांबवण्याचा क्षण तुम्हाला दहापैकी आठ वेळा पकडता येतो का? येत नसेल तर अजून एक दिवस बसा.

## टप्पा २: जवळ जाणं आणि माघार घेणं

घोड्याला स्वतःभोवतीचं जवळपास सगळं दिसतं. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून जाऊ नका. खांद्याच्या रोखाने, थोडं वळण घेत जा. आधी आवाज द्या. डोळ्यांत रोखून पाहू नका, हात खाली ठेवा.

१. घास थांबला किंवा कान तुमच्यावर रोखले की जागच्या जागी थांबा.
२. त्याने पुन्हा चघळायला सुरुवात केली किंवा मान थोडी खाली घेतली की लगेच वळून तीन-चार पावलं मागे जा.
३. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा या. मागच्या वेळेपेक्षा एखादं पाऊल पुढे, जास्त नाही.
४. दहा-पंधरा मिनिटांत आवरा. दिवसातून दोनदा पुरे.

लोक उलट करतात. घोडा मागे सरकला की माणूसही मागे होतो, आणि घोडा शांत उभा राहिला की पुढे जातो. यातून घोडा शिकतो की मागे सरकलं की माणूस जातो, उभं राहिलं की माणूस अंगावर येतो. माघार हे त्याचं बक्षीस आहे. ते शांतपणाला द्यायचं. तो सरकलाच तर तुम्ही घाई केलीत. तिथेच शांत थांबा, त्याचे पाय स्थिरावू द्या, मग मागे व्हा आणि पुढच्या खेपेला दोन पावलं आधी थांबा.

सावध: खायला दाखवून जवळ बोलवू नका. घोडा भीतीपोटी अंग मागे आणि मान पुढे ताणून खातो. तोंड तुमच्या हाताशी, पाय पळण्याच्या तयारीत. अशाच वेळी चावा बसतो.

## टप्पा ३: हात लावणं

सुरुवात तोंडापासून नाही. सगळे नाकावरून हात फिरवायला जातात, आणि नेमकं तिथेच घोड्याला हात दिसत नाही. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून सुरू करा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके खाली येतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

उलट्या हाताने स्पर्श करा, दोन सेकंद थांबा, आणि घोडा हलण्याआधी हात काढा. मग पाच सेकंद, मग बोटांनी खाजवा. थोपटू नका. थापटीचा आवाज आपल्याला प्रेमाचा वाटतो, बुजऱ्या घोड्याला तो फटक्याच्या जवळचा वाटतो. वरचा ओठ लांब होऊन वळवळायला लागला की जागा बरोबर सापडली.

पुढचा क्रम: खांदा, मानेची बाजू, पाठ, बरगड्या, पुठ्ठा, पुढचा पाय गुडघ्यापर्यंत, मग मागचा पाय. मागच्या पायाला आधी काठीचं टोक लावा, हात नंतर. कान आणि तोंड सगळ्यात शेवटी. प्रत्येक नवी जागा झाली की हात पुन्हा आयाळीपाशी आणा, त्याला ओळखीच्या ठिकाणी परत आल्यासारखं होतं. एका बाजूने झालेलं सगळं दुसऱ्या बाजूने पहिल्यापासून करायचं. उजवीकडून हात लावायची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे बहुतेक घोडे त्या बाजूला दुप्पट बुजरे असतात.

नाचवलेला घोडा असेल तर तोंडाला वेळ द्या. अशा काही घोड्यांना काटेरी लगाम लावलेला असतो. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामावर बंदी आहे, तरी तो वापरात दिसतो. ओठांच्या कोपऱ्यात जुने पांढरे वण आहेत का पाहा. असतील तर लगाम महिनाभर विसरा. पुढचं सगळं मोरखीवर होतं. कान पिळून आवरलेला घोडा कानाजवळ हात आला की डोकं छताला लावतो. त्याची मोरखी कानांवरून ओढून चढवू नका, बकल उघडून मानेभोवती लावा.

पुढे जाण्यापूर्वी: मोकळा सोडलेला असताना, दोर नसताना, घोडा दोन्ही बाजूंनी खरारा करू देतो. बांधून केलेला खरारा या तपासणीत धरायचा नाही.

## टप्पा ४: दोरावरची तीन कामं

बुजलेल्या घोड्याला 'घाबरू नको' सांगून कळत नाही. त्याला एखादं ओळखीचं काम द्यावं लागतं, आणि ते काम भीती नसताना शिकवून ठेवावं लागतं. तीनच कामं पुरतात: मान खाली, एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे.

मान खाली. दोर हनुवटीखाली धरून दोन बोटांच्या वजनाएवढा खाली ताण द्या आणि तसाच ठेवा. ओढू नका, झटका देऊ नका. घोडा आधी मान वर नेईल. ताण तेवढाच ठेवून हात त्याच्याबरोबर वर जाऊ द्या. पाच-दहा सेकंदांत मान बोटभर खाली येईल. त्याच क्षणी, सेकंदाच्या आत, दोर सैल. बोटभर म्हणजे बोटभर. हातभर खाली येण्याची वाट पाहत बसलात तर त्याने बरोबर उत्तर दिलं आणि तुम्ही ऐकलंच नाही, असं होतं. आठ-दहा वेळा करा, थांबा. चार दिवसांत मान गुडघ्यापर्यंत येते.

मागे. मोरखीवर मागच्या दिशेने हलका ताण. एक पाय मागे गेला की सोडा. दोन-तीन पावलांच्या वर जाऊ नका.

पुढे. खांद्यापाशी उभे राहा, दोर पुढे धरा. पाय निघत नसेल तर बरगडीमागे काठीचा हलका, एकसारखा टकटक स्पर्श. पाय उचलला की स्पर्श बंद.

इथली ठरलेली चूक एकच. घोडा मान उडवतो, माणूस दचकतो, हात सुटतो. झालं, घोडा मान उडवायला शिकला. असं दोन-तीनदा झालं की ते काढायला आठवडे जातात. सोडायचं ते फक्त तुम्हाला हव्या असलेल्या हालचालीवर. आणि धरून ठेवायचं जमणार नाही एवढा ताण सुरुवातीला देऊच नका.

चालवताना घोड्याच्या पुढे चालू नका. बुजलेला घोडा पुढे उडी घेतो, आणि पुढे तुम्ही असता. खांद्याच्या रेषेत, हातभर अंतर ठेवून चाला. दोर हनुवटीपाशी गच्च धरू नका; मान अडकली की भीती वाढते.

तपासा: कुंपणाच्या आत, सैल दोरावर, फक्त इशाऱ्याने तीनही कामं लागोपाठ होतात का?

## टप्पा ५: भीतीच्या वस्तूंशी ओळख

प्लास्टिकची पिशवी घेऊन पूर्ण क्रम खाली दिला आहे. ताडपत्री, छत्री, मोटारसायकल यांना तोच क्रम लागतो. दोन माणसं लागतील.

१. अंतर ठरवा. मदतनीस पंधरा-वीस मीटरवर पिशवी मुठीत चुरगळून उभा राहील. घोड्याने पाहिलं, कान रोखले आणि पुन्हा निवळला, असं अंतर हवं. घास थांबून सुरूच होत नसेल तर आणखी लांब.

२. आधी पिशवी, मग गाजर. पिशवी दिसली, एक सेकंद गेला, गाजर. पिशवी लपली, गाजर बंद. हा क्रम उलटा केलात, आधी गाजर आणि मग पिशवी, तर गाजर दिसलं की घोडा बुजायला लागेल. हे खरोखर होतं, आणि मग मालक म्हणतो याला गाजर आवडत नाही.

३. पिशवी लांब जाऊ द्या. मदतनीस पिशवी हलवत घोड्यापासून दूर चालेल, तुम्ही घोड्याला घेऊन मागे चाला. अंगावर येणाऱ्या वस्तूला घोडा घाबरतो. पळणाऱ्या वस्तूचा त्याला धीर येतो. काही खेपांत तो स्वतः पावलं लांब टाकू लागेल.

४. समांतर. पिशवी दहा मीटरवरून आडवी जाईल. दोन्ही डोळ्यांना दाखवा. उजवीकडून पाहिलेली पिशवी डावीकडून त्याला नवी वाटू शकते.

५. जवळ आणि माघार. टप्पा २ प्रमाणेच. पिशवी एक पाऊल येईल, घोडा निवळला की दोन पावलं मागे जाईल.

६. स्पर्श. घडी केलेली पिशवी काठीच्या टोकाला बांधून खांद्याला लावा, काढा. मग चोळा. मग घडी थोडी उलगडा. मोकळी फडफडणारी पिशवी सगळ्यात शेवटी.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर कमी केलंत तर आवाज वाढवू नका. आवाज वाढवलात तर अंतर वाढवा. तीन खेपा सलग निवांत झाल्या की त्या दिवसाचं काम बंद. 'छान चाललंय, अजून एकदा' याच खेपेला घोडा बुजतो.

ताडपत्री पायाखाली घालताना आधी फूटभर घडी जमिनीवर ठेवा आणि घोड्याला तिच्या बाजूने चालवा. मग एक पाय. कडांवर विटा ठेवू नका, टापेला लागतील, वाळू पसरा. ढोल-ताशाचा आवाज वैरण खाताना मोबाइलवर अगदी बारीक लावा. घास थांबला की आवाज जास्त झाला. पण मोबाइलवर पास झालेला घोडा मिरवणुकीत उभा राहील असं समजू नका. ढोलाची धडधड जमिनीतून आणि छातीतून येते, ती स्पीकरमध्ये नसते.

सावध: घोडा खांबाला बांधून त्याच्याभोवती पोती, डबे, पिशव्या टांगायची पद्धत काही ठिकाणी आहे. यात एकतर मान आणि पाय मोडतात, नाहीतर घोडा गोठतो. दुसरा प्रकार मालकाला यश वाटतो, म्हणून तो जास्त घातक.

## टप्पा ६: फाटकाबाहेर

पहिल्यांदा चालत, स्वार होऊन नाही. वारा नसलेली सकाळ निवडा. शक्य असेल तर पुढे एखादा म्हातारा, शांत घोडा असावा. फाटकापासून पन्नास मीटर जा आणि घोडा काळजीत पडण्याच्या आधी परत फिरा. उजेडातून एकदम अंधाऱ्या शेडमध्ये किंवा झाडीखाली नेताना उंबऱ्यावर थांबा. घोड्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो हट्ट करत नसतो.

घोडा बुजलाच तर:

- दोर सैल द्या, पण सोडू नका. मागे झुकून ओढाताण करू नका. ४०० किलो तुमच्या हाताने थांबत नाहीत.
- खांद्यापाशी राहून त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा, म्हणजे पुठ्ठा बाहेर फिरेल आणि सरळ पळता येणार नाही.
- वस्तूकडे त्याला तोंड करू द्या. पाठमोरा ठेवला तर तो तिला आणखी घाबरतो.
- पाय थांबले की एक काम मागा: मान खाली. झाली, तर दोर सैल. नाही झाली, तर तुम्ही अजून फार जवळ आहात. दहा मीटर लांब जा.
- आयाळीपाशी खाजवलं तर भीतीला बक्षीस मिळतं, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. हळू हात चालतो. घाबरून केलेली थापाथापी मात्र चालत नाही.

बुजल्यावर मारलंत तर घोड्याचा हिशेब सरळ असतो: ट्रॅक्टर आला आणि मार बसला. पुढच्या वेळी तो ट्रॅक्टरला आणि तुम्हालाही बुजेल.

## टप्पा ७: खोगीर आणि स्वारी

इथे लिहिण्यासारखं कमी आहे, कारण वरचं झालं असेल तर हे सोपं जातं. आधी घडी केलेली घोंगडी, मग रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढलेलं खोगीर, मग लोंबत्या रिकिबी. तंग एका वेळी एकच भोक आवळा आणि मध्ये चार पावलं चालवा. चढताना ओटा वापरा, रिकिबीला लोंबकळू नका. पहिल्या दिवशी फक्त पोटावर आडवं पडून उतरा. दुसऱ्या दिवशी बसा, मदतनीस दोर धरून चालवेल, पाच मिनिटं. दुडकी चाल पंधरवड्यानंतर. हे तुम्हाला स्वतःला नवं असेल तर अनुभवी स्वार बोलवा. बुजरा घोडा आणि नवशिका स्वार ही जोडी कधीच लावू नये.

## मागे पडल्यावर

घोडा एखाद्या दिवशी दोन टप्पे मागे जाणारच. बहुतेकदा कारण त्या दिवशीचं नसतं. सकाळी नालबंद येऊन गेला, दुपारी कुत्रं अंगावर आलं, संध्याकाळी वारा सुटला. एकेकटं काहीच नव्हतं, पण साचत गेलं. म्हणून रोजच्या वहीत चार गोष्टी लिहा: झोपला का, दिवसभरात काय घडलं, कुठल्या टप्प्यावर काम केलं, घास कशामुळे थांबला. दोन आठवड्यांची पानं उलटलीत की साचलेलं दिसतं. मोठा धक्का बसला असेल तर पुढचे दोन-तीन दिवस नवं काही नको, फक्त खरारा आणि ओळखीचं काम.

दिवाळी आणि विसर्जन मिरवणुकीच्या आठवड्यात नवी शिकवण थांबवा. त्या रात्री घोडा आत ठेवा, बांधू नका, मोरखी काढून ठेवा म्हणजे कुठे अडकणार नाही. वैरण नेहमीपेक्षा जास्त, सोबतीचा घोडा दिसेल असा. दिवा लावून ठेवला तर फटाक्यांचा लखलखाट कमी जाणवतो.

घोडा बुजण्याऐवजी कान मागे टाकून अंगावर येत असेल, पुढचे पाय मारत असेल किंवा दोन पायांवर उभा राहत असेल, तर हे टप्पे घरच्या घरी करू नका. दोर सोडा, कुंपणाबाहेर या, डॉक्टरांकडून दुखण्याची तपासणी पुन्हा करून घ्या आणि मग असे घोडे हाताळलेला माणूस शोधा. त्याला पहिला प्रश्न विचारा की तो सुरुवात कशी करणार. बांधण्यापासून किंवा चाबकापासून सुरुवात सांगितली, तर दुसरा माणूस बघा.